माणसासकट पिस्तूल

आर्डिस होव्हलँडच्या नादी लागू नये, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. अठ्ठावीस वर्षं या बाईनं शाळेची बस चालवली. विस्कॉन्सिनचा हिवाळा काय चीज असते ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. पण गुडघाभर बर्फातसुद्धा हिची बस सात चाळीसला शाळेच्या दारात हजर. एकदा बर्फ काढणारी सरकारी गाडीच खड्ड्यात घसरली, तर हिनं त्या गाडीच्या ड्रायव्हरला बसमध्ये घेतलं, पोरांबरोबर शाळेत नेऊन उतरवलं आणि म्हणाली, "चल, आज तुझीही हजेरी लागू दे."

अशी बाई निवृत्त झाली की काय करणार? बाकीच्या बायका गोधड्या शिवतात, चर्चच्या स्वयंपाकघरात बसून एकमेकींच्या सुनांची सालं काढतात. आर्डिसनं पिस्तुलं गोळा करायला घेतली. तीही साधी नाहीत, दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पिस्तुलं. आमच्याकडची पोरं तिकडे लढायला गेली होती, येताना जो तो खिशात विजयाची खूण म्हणून एखादं घेऊन आला. गावातल्या दर तिसऱ्या माळ्यावर एखादं तरी सापडेल.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते थोरल्या भावामुळे. भाऊ युद्धावरून पिस्तूल घेऊन आला, मोज्यांच्या कप्प्यात ठेवलं आणि चाळीस वर्षं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तो गेला. मातीच्या दिवशी आर्डिस एकेकाला विचारत फिरली, हे कुठलं, कुणाकडून घेतलं, कसं घेतलं? कुणाला काही माहीत नाही! वस्तू कप्प्यात, गोष्ट मातीत. त्या दिवशी तिला जो संताप आला तो कायमचाच. तेव्हापासून तिचा नियम ठरला : पिस्तूल घ्यायचं तर माणसासकट. ते कुणी आणलं हे शोधायचं, तो माणूस असला तर त्याच्याकडून, नसला तर घरच्यांकडून हकिगत लिहून घ्यायची, खाली सही.

बंदूकबाजारातले पुरुष तिला हसायचे. ते पिस्तूल उचलायचे, नंबर जुळतात का, काळा रंग उडालाय का बघायचे. ही आधी पिस्तुलाच्या चामडी खोळीची, होल्स्टरची, झडप उचलून आत वाकून बघायची. नवरा लॉइड म्हणायचा, "लोक कोंबडी घेतात, ही बाई पिसं मोजते." पण बंदूकबाजाराला गाडी चालवत न्यायचा तोच, आणि तिकडे पोचल्यावर ब्राटवुर्स्ट सॉसेजच्या गाडीपाशी ठाण मांडून बसायचा तोही तोच.

शहाण्णव सालच्या वसंतातली गोष्ट. मर्ल पिकेट नावाच्या विक्रेत्याच्या टेबलावर तिला एक पी-३८ दिसलं. जर्मन फौजेचं नेहमीचं पिस्तूल, त्यात विशेष काही नाही. पण झडपेच्या आत फिकट शाईत लिहिलं होतं : R 5172. आणि गोळ्यांच्या जादा मॅगझिनच्या खोबणीत घडी घालून कोंबलेला एक कागद. सैनिकाला लुटीतली वस्तू घरी न्यायची परवानगी द्यायचा लष्करी कागद तो; रेजिमेंट, कंपनी, कॅप्टनची सही, सगळं शाबूत, आणि जिथे सैनिकाचं नाव असायचं तो कोपरा उंदरांनी खाल्लेला.

"उंदरांनासुद्धा नेमकं तेच आवडलं," मर्ल म्हणाला.

"कुणाकडून आलं हे?"

"आर्डिस, तू मला किती वर्षं ओळखतेस? पिस्तूल विकतो मी, माणसं नाही विकत."

तिनं पिस्तूल घेतलं आणि वाद घातला नाही, कारण तिला मर्लची गरजच नव्हती. आपल्या लष्करात प्रत्येक शिपायाच्या कपड्यांवर आडनावाचं पहिलं अक्षर आणि त्याच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहायची पद्धत होती, धोब्याकडून कपडे परत ज्याचे त्याला मिळावेत म्हणून. पोरं तोच नंबर सगळ्या चीजवस्तूंवर टाकायची. म्हणजे उंदरांनी नाव खाल्लं तरी आर अक्षराचा माणूस झडपेखाली बसलेलाच होता. त्या रेजिमेंटच्या म्हाताऱ्यांची एक संघटना आयोवात होती. आर्डिसनं तिथल्या चिटणिसाला पत्र टाकलं. त्यानं कंपनी युरोपला निघताना बोटीवर केलेल्या यादीची प्रत पाठवली. आर अक्षराची तीन नावं, त्यांतल्या एकाचे आकडे जुळले. एमिल रेझाक, गाव होलब.

होलब म्हणजे आमच्या दक्षिणेला साठ मैल, बोहेमियन, म्हणजे चेक लोकांची वस्ती. टेलिफोनच्या पुस्तकात रेझाक एकच होते. झालं! आर्डिसला आनंदाचं इतकं भरतं आलं की तिनं त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं : 'एमिल रेझाक यांनी युद्धावरून आणलेलं पिस्तूल माझ्याकडे आहे. त्यांची हकिगत ऐकायला मला फार आवडेल.' खाली एक हसरं तोंडसुद्धा काढलं.

चार दिवसांनी फोन आला. म्हातारा, कोरडा आवाज.

"तूच का ती पिस्तूलवाली?"

"हो, हो, मीच आर्डिस! आपण एमिलच्या—"

"बहीण. आल्बिना. बाई, माझा भाऊ परत आलाच नाही."

पाठीमागे लॉइड बातम्या ऐकत होता, त्याला तिनं हातानंच टीव्ही बंद करायला सांगितलं. नंबर जुळला म्हणजे माणूस सापडला, असं धरून चालली होती ती. हा माणूस जिवंत घरी आला का, एवढं साधं तिनं बघितलं नव्हतं. गोळा करणाऱ्यांची ही नेहमीची खोड, वस्तू जिवंत आहे म्हणून मालकही जिवंत धरायचा. फोन ठेवल्यावर तिनं तो परवानगीचा कागद पुन्हा काढला. तारीख होती जून १९४५.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच होलबला गेली. पिस्तूल घरी ठेवलं. आल्बिना सत्त्याहत्तर वर्षांची, काटकुळी, लग्न न केलेली. ओट्याशी खसखशीचं सारण भरून कोलाचे, त्यांच्याकडचे गोड पाव, वळत होती. हात थांबवले नाहीत, बस म्हणाली नाही.

"मी माफी मागायला आले," आर्डिस म्हणाली.

"माफीचं लोणचं घालू का मी? ऐक आता. गोष्टी ऐकायची हौस आहे ना तुला?"

आणि तिनं सांगितलं. युरोपातलं युद्ध संपलं तेव्हा होलबच्या चर्चची घंटा तासभर वाजत होती. आईनं सगळ्या आळीला कोलाचे वाटले, एमिल आता येतो म्हणून. जूनमध्ये तार आली. एकोणीस मेला गोळी लागून मृत्यू, शत्रूच्या कारवाईत नव्हे. एवढंच. दोनदा पत्र पाठवून विचारलं, दोन्ही वेळा तेच वाक्य फिरून परत आलं.

"लढाई संपून अकरा दिवस झालेले. शत्रू नाही. मग गोळी कुणाची?" आल्बिना म्हणाली. "आणि त्याचं शेवटचं पत्र उदास होतं. तिथे काय काय बघितलं होतं त्यानं. आईनं भोळेपणानं ते शेजारणींना वाचून दाखवलं होतं. मग काय, गावानं दोन आणि दोन चार केले. तोंडावर कोणी बोललं नाही. पण आम्ही कॅथलिक माणसं; स्वतःचा जीव घेणं म्हणजे महापाप, ते तुला सांगायला नको. आई चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसायची. त्या उन्हाळ्यापासून शेवटच्या बाकावर बसायला लागली. एकाहत्तर साली मेली तोपर्यंत. सव्वीस वर्षं, शेवटचं बाक!"

"तुम्हांला काय वाटतं?"

आल्बिनानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "मला काय वाटतं ते मी पन्नास वर्षं स्वतःलाच विचारतेय. एक दिवस वाटतं नाही, एक दिवस वाटतं हो. आता सवयीनं गप्प झाले होते, तर तुझं पत्र आलं. हसऱ्या तोंडाचं." तिनं पिठाचे हात पुसले. "हे तू उकरलंस. आता अर्ध्यावर सोडून गेलीस तर तुझ्यासारखी दुष्ट बाई नाही. चांगलं निघो, वाईट निघो, मला कळलं पाहिजे. मरायच्या आत."

"शब्द दिला," आर्डिस म्हणाली.

गाडीत बसल्यावर ती रडली. लाज वाटली तिला स्वतःची, आणि त्या हसऱ्या तोंडाची तर फारच. मग नाक पुसून तिनं गाडी चालू केली. हिशेब सरळ होता. एमिल मेमध्ये गेला, कागद जूनचा. म्हणजे त्याचं पिस्तूल त्याच्याच कंपनीतल्या कोणीतरी घरी आणलं. तो कोण, हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो ताकास तूर लागू देणारा नव्हता.

मर्ल पिकेटच्या मागे ती हात धुऊन लागली. उन्हाळाभर ज्या ज्या गावात बंदूकबाजार भरला तिथे आर्डिस आपली घडीची खुर्ची घेऊन हजर, मर्लच्या टेबलाला खेटून. काही विचारायची नाही. घरून केलेल्या लिंबाच्या वड्यांचा डबा उघडायची आणि गिऱ्हाइकांना वाटत बसायची. वर सांगायची, "हा मर्ल. फार विश्वासू. याला काही विचारा, सांगणार नाही." गिऱ्हाइकं वडी खायची, हसायची आणि पुढच्या टेबलावर जायची.

"आर्डिस, अगं धंदा बसवशील माझा!"

"मी कुठे काय बोलतेय? वडी घे."

ऑगस्टअखेर मर्लनं हात टेकले. एका पावतीच्या पाठीवर त्यानं लिहून दिलं. उत्तरेकडच्या एका शेतकऱ्याचा पुतण्या, काकाचा माळा साफ करताना सापडलं म्हणून परस्पर विकून गेला. काकाचं नाव ऑर्व्हिल ब्राटन. "आणि माझं नाव घेऊ नकोस," मर्ल म्हणाला, "आणि तो डबा इथेच ठेवून जा." आर्डिसनं घरी जाऊन बोटीवरची यादी काढली. बी अक्षराखाली ब्राटन होताच.

ऑर्व्हिल ब्राटन त्र्याहत्तर वर्षांचा. बायको वारलेली, गाई विकून टाकलेल्या, एक म्हातारा कुत्रा. आर्डिसनं दारात उभं राहून नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग म्हणाली, "एमिल रेझाकबद्दल बोलायचं होतं." त्यानं दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. तो गोठ्यात जाऊन बसला, गाई नसलेल्या गोठ्यात! आर्डिस अंगणात गाडी उभी करून दोन तास बसली, सँडविच खाल्लं, अर्धं कुत्र्याला दिलं आणि निघून आली. लॉइड म्हणाला, "अगं, म्हाताऱ्याला सुखानं मरू दे की."

"सुखानं मरायला तो सुखात आहे का? गाई नसताना कुणी गोठ्यात जाऊन बसतं?"

तिसऱ्या खेपेला तो ओसरीतच होता. "बाई, तुम्हांला दुसरा काही उद्योग नाही?"

"नाही. रिटायर झालेय."

त्यानं सुस्कारा सोडला. मग आमच्यासारख्या मूळच्या नॉर्वेजियन माणसाच्या तोंडून दारात उभ्या असलेल्याला जे निघतंच, ते निघालं. "कॉफी घेणार?"

आता आमची रीत अशी : पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा उगाच कशाला म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं तर अर्धा कप. ऑर्व्हिलनं एकदाच विचारलं होतं, ती नको म्हणेल आणि आपण सुटू या भरवशावर. आर्डिस म्हणाली, "हो." पहिल्याच विचारण्याला! तो गारच झाला. पण आता करतो काय, आत घ्यावंच लागलं.

स्वयंपाकघरात तिनं पिशवीतून पिस्तूल काढलं, रिकामं, उघडं, आणि टेबलावर ठेवलं. त्यानं मान फिरवली. आर्डिस खूप महिने या गोष्टीभोवती फिरत होती. युद्ध संपलेलं, तंबूत बसलेली कंटाळलेली पोरं, हातात परक्या देशाचं पिस्तूल. अशा किती हकिगती तिनं ऐकल्या होत्या. तिनं घोड्याच्या वरच्या बारक्या खिळ्यावर बोट ठेवलं.

"मॅगझिन काढलं तरी नळीत एक गोळी राहू शकते, आणि ती असली की हा खिळा बाहेर येतो. जर्मनांना माहीत होतं. आपल्या पोरांना कुणी शिकवलं नव्हतं." मग हळू विचारलं, "मॅगझिन काढलं होतंत ना तुम्ही?"

ऑर्व्हिल खुर्चीत बसला. कॉफीचं भांडं हातातच होतं.

"काढलं होतं. दोघांनी बघितलं. मॅगझिन एमिलच्या हातात होतं." त्यानं आता कुठे पिस्तुलाकडे बघितलं. "तो म्हणाला, 'चाप किती हलका आहे बघ.' मी ओढला. समोर खोक्यावर बसला होता तो. हसत होता, बाई. मी काहीतरी बोललो होतो त्यावर हसत होता."

"मग हे घरी का आणलंत?"

"कॅप्टननं नदीत फेकायला सांगितलं होतं. पुलावर गेलो. फेकलं असतं तर एक दिवस विसरलो असतो. विसरायचं नव्हतं मला. जूनमध्ये कागदावर सही घेतली, कुठलं पिस्तूल ते कॅप्टननं विचारलं नाही." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "कॅप्टन म्हणाला, तू गप्प बस, त्याच्या घरी मी सविस्तर लिहितो. मग मी कुठल्या तोंडानं लिहिणार? त्यांना माझं नाव माहीत आहे, त्याची आई रोज मला शिव्याशाप देते, असंच समजून जगलो मी. द्यावेत, म्हटलं. हक्कच आहे तिचा."

"त्यांना काही कळलं नाही, ऑर्व्हिल. पत्र आलंच नाही. एमिलनं स्वतःला मारून घेतलं असं गावानं ठरवलं. त्याची आई सव्वीस वर्षं चर्चच्या शेवटच्या बाकावर बसली आणि तशीच मेली. बहीण अजून तेच विचारत बसलीये."

त्यानं कॉफीचं भांडं टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात ओंजळीसारखे तोंडावर घेतले. असा आवाज केला त्या माणसानं की कुत्रा उठून त्याच्या पायाशी आला. आर्डिसनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिला वाटलं, आत्ता कुणाचा हात नको असेल याला.

"मी आत्ता फोन करून तिला सांगू शकते," ती थोड्या वेळानं म्हणाली. "पण ही गोष्ट माझी नाही."

"तिला विचारा," तो म्हणाला, "माझं तोंड बघायचंय का."

आल्बिनाला फोनवर आर्डिसनं एवढंच सांगितलं, की एमिलनं स्वतःला काही केलं नाही, आणि ज्याला माहीत आहे तो माणूस यायला तयार आहे. मग तो कोरडा आवाज आला. "रविवारी आण त्याला. दहाची प्रार्थना सुटली की. घरी नको. स्मशानात."

ऑक्टोबरातला लख्ख रविवार होता. आर्डिस ऑर्व्हिलला घेऊन होलबला पोचली तेव्हा चर्चमधून माणसं बाहेर पडत होती. बोहेमियन लोकांत प्रार्थनेनंतर आपापल्या माणसांच्या कबरींवर चक्कर मारून जायची पद्धत आहे. कुणी फुलं बदलत होतं, कुणी दगड पुसत होतं. शे-सव्वाशे माणूस असेल. आर्डिसला तेव्हाही उमगलं नाही, ही म्हातारी नेमकी याच वेळेवर का अडून बसली ते.

आल्बिना काळा कोट घालून एका कबरीपाशी उभी होती. ऑर्व्हिल तिच्यासमोर गेला, टोपी काढली. "मिस रेझाक, मी ऑर्व्हिल ब्राटन. तुमचा भाऊ माझा—"

"थांब," ती म्हणाली. "मला नंतर. आधी तिला सांग." आणि तिनं दगडाकडे बोट केलं. दगडावर आईचं नाव होतं, अँटोनिया रेझाक.

ऑर्व्हिलनं आर्डिसकडे बघितलं. आर्डिसनं मान हलवली. त्यानं टोपी छातीशी धरली आणि दगडाकडे बघत पुटपुटला, "मिसेस रेझाक, एमिलनं काही केलं नाही. तो अपघात होता. पिस्तूल माझ्या हातात होतं."

"मोठ्यानं बोल," आल्बिना म्हणाली. "तिला ऐकू कमी यायचं."

"मिसेस रेझाक! एमिलनं काही केलं नाही! पिस्तूल माझ्या हातात होतं!"

फुलं ठेवणाऱ्या बायका वळल्या. फाटकापाशी बोलत उभे असलेले पुरुष गप्प झाले. आल्बिनानं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, सावकाश, एकेका चेहऱ्यावरून.

"अजून मोठ्यानं."

त्र्याहत्तर वर्षांच्या त्या शेतकऱ्यानं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "तो हसत होता! तुमचा मुलगा हसत होता! मी मारला त्याला, चुकून मारला! त्यानं स्वतःला काही केलं नाही!"

मग मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या माणसानं टोपी काढली, त्याचं बघून दुसऱ्यानं काढली. आल्बिना खाली वाकली, दगडावर हात टेकला आणि आपल्या भाषेत आईशी काहीतरी बोलली, आणि मग कोट मळेल याची पर्वा न करता तिथेच गवतावर बसून मोठमोठ्यानं रडली. ऑर्व्हिल तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला. तिनं त्याला हाकललं नाही.